ओल्या लुगड्याचं पुण्य

वाईत असताना मला लोक सोवळ्याची बाई म्हणत. नदीवरून ओलेत्यानं येताना दिसले की बायका रस्त्याच्या कडेला सरकून मला वाट देत. त्यांत एखादी तरणी सून असली, तर तिची सासू तिला कोपरानं ढोसून म्हणे, "बघ, शीक काहीतरी." त्या सुनांनी मला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील कोण जाणे. खरी गोष्ट एवढीच होती, की मला लघवी राहत नव्हती.

हे आज मी सरळ लिहिते आहे. त्या काळी हे वाक्य कुणापुढं उच्चारण्यापेक्षा मी घाटावरून डोहात उडी टाकली असती. आणि माझी ख्याती अशी, की लोकांनी त्यालाही जलसमाधीच म्हटलं असतं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास माझं तिसरं बाळंतपण झालं. मूल दोन दिवस अडलं होतं. सुटका झाली, मूलही धडधाकट निघालं, पण माझ्या अंगातलं काहीतरी कायमचं सैल झालं. आमची सुईण पलीकडच्या खेड्यातली होती, तिला आडपडदा माहीत नव्हता. महिनाभरानं मी तिला हळूच विचारलं, तेव्हा ती तेल चोळता चोळता म्हणाली, "आतनं लय ताणलं गेलंय बाई. आता हसायचं बेतानं, आन् शिंकायचं त्येच्याहून बेतानं." डॉक्टर होते गावात, पण ते पुरुष होते, आणि संध्याकाळी आमच्या ह्यांच्याबरोबर नदीकाठी फिरायला जात. त्यांना दाखवायचं म्हणजे सगळी कचेरीच ओसरीवर बोलावण्यासारखं होतं.

तेव्हा जे करायचं ते माझं मीच केलं. ह्यांच्या जुन्या धोतरांच्या घड्या करायच्या, त्या कासोट्याच्या आत बसवायच्या आणि वरून नऊवारी घट्ट आवळायचं. नऊवारी लुगड्यासारखं दुसरं वस्त्र नाही, हे मी अनुभवानं सांगते. पाचवारी नेसणाऱ्या शहरी बायकांचं असल्या वेळी काय होत असेल याची कल्पनाच करवत नाही. पण घडी काही कायमची टिकत नाही. तासा-दीड तासानं ती बदलायची, धुवायची, आणि माजघरातल्या आतल्या दोरीवर दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळवायची. पुढं लढाईत कापडाला कंट्रोल आला. लोकांना अंगावर काय नेसावं याची काळजी पडली होती, आणि मी आत काय बांधावं या विवंचनेत होते.

आमच्या ह्यांना सगळं माहीत होतं. कचेरीत कारकून होते, कागद हरवला की तासभर शोधणारे. घरात मात्र "माझं ते दंड घातलेलं धोतर कुठं आहे?" एवढं विचारत, मग त्यांना आठवे, मग ते खाकरून वर्तमानपत्र उघडत. सहा वर्षांत या विषयावर त्यांनी मला दोनच शब्द ऐकवले: "जपत जा." काय जपायचं ते काही सांगितलं नाही.

पुरुषांचं बरं असतं. भिंत दिसली की तिच्याकडं तोंड करून उभं राहायचं, आणि मागून ओळखीचं कुणी गेलं, तर मान वळवून कचेरीतल्या बदल्यांविषयी बोलायचं. गावातली एक भिंत त्यांनी सोडली नव्हती. देवळाची भिंत सोडत, पण तिथं पुजाऱ्यानं गेरूनं त्रिशूळ काढून ठेवला होता म्हणून. बाईनं घरातून निघायचं ते आटोपून, आणि घरी परत येईपर्यंत तिला शरीर नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं.

सोवळ्याची सुरुवात झाली ती मामलेदारीणबाईंच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला. त्यांनी दिवाणखान्यात जाजम घालून त्यावर पांढरीशुभ्र चादर पसरली होती. कैरीच्या डाळीतल्या मिरचीचा खकाणा माजघरातून येत होता, आणि मी उंबऱ्यातच तीन वेळा शिंकले. घडी आधीच भिजलेली होती. आता त्या पांढऱ्या चादरीवर बसले, तर उठताना माझी सही मागं राहणार हे मला स्वच्छ दिसत होतं. "बसा ना," मामलेदारीणबाई म्हणाल्या. मी उभीच. "अहो, बसा." मी तरीही उभी. सगळ्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून एक वयस्कर बाई म्हणाल्या, "त्यांचं सोवळं असेल. जाजमावर कशा बसतील त्या?" लगेच सगळ्यांनी हं, हं केलं, आणि माझ्याविषयी एकदम आदर उत्पन्न झाला. माझं पाप म्हणाल तर एवढंच, की मी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सासूबाईंची जुनी धाबळी पेटीतून काढली. धाबळी म्हणजे लोकरीचं वस्त्र. कुणी शिवलं तरी त्याला विटाळ होत नाही असं मानतात. तिची चौकोनी दुहेरी घडी केली, आणि दोन पदरांच्या मधे मेणकापड घालून चारी बाजूंनी शिवून टाकली. मेणकापड बाळंतिणीसाठी म्हणून आणवलं, आणि ते काही खोटं नव्हतं. तेव्हापासून मी जाईन तिथं माझं आसन माझ्या काखेत असे. लोक म्हणत, काय निष्ठा आहे.

मग एकातून एक निघत गेलं. मी कुणाकडं चहा-पाणी घेत नसे, कारण घेतलेलं पोटात थांबत नसे. लोक म्हणाले, परान्न घेत नाहीत. वास लपावा म्हणून मी कनवटीला कापराची वडी ठेवी. एक आजीबाई माझ्या जवळ बसून डोळे मिटून म्हणाल्या, "तुमच्या अंगाला देवघराचा वास येतो हो." कीर्तनात मधेच उठून मी घाटावर जाई, कमरेपर्यंत पाण्यात उतरे आणि ओल्या लुगड्यानं परत येऊन मागं बसे. लुगडं सगळंच भिजलेलं असलं की आधी कुठं भिजलं होतं ते कोण बघतो? कीर्तनकारबुवांनी एकदा मला पाहून निरूपण थांबवलं आणि हात जोडले. मी पण जोडले, करणार काय.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायलाही लागलं होतं. ज्या गोष्टीची लाज वाटून मी तोंड लपवायची, तिच्यासाठी लोक मला पहिला मान देत. मी सुनांना उपदेशही करू लागले. थंडीत नदीवर आंघोळ केल्यानं मन कसं स्थिर होतं, हे मी तोंड वर करून सांगत असे. मांड्या सोलवटून निघाल्या होत्या, रात्री खोबरेल लावल्याशिवाय झोप येत नव्हती, ते मात्र मी उपदेशातून गाळत असे.

या सगळ्यात एक माणूस मला खरोखर भोळेपणानं मानत होतं, ती म्हणजे माझी थोरली मुलगी. सुरुवातीला ती दहा वर्षांची होती. "आई, तू अशी का करतेस?" असं तिनं विचारलं, तेव्हा तिलाही मी सोवळंच सांगितलं. दहा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, असं मनाशी म्हटलं. ती बारा वर्षांची झाली, चौदा वर्षांची झाली, तरी मी तेच मनाशी म्हणत राहिले. सकाळी ती माझ्याजवळ यायची ती हात पाठीमागं बांधून. "आई, तुला शिवू का?" असं विचारी, आणि मी नाही म्हणे, कारण घडी ओली असे. सहा वर्षं सकाळच्या वेळी माझ्या मुलीनं मला हात लावला नाही.

लढाई संपत आली तेव्हा ती सोळा वर्षांची झाली होती, आणि आम्हांला तिच्या लग्नाची घाई झाली. रंगानं सावळी, उंचीनं बेताची. दोन ठिकाणांहून नकार आले होते. अशात सांगलीहून आपण होऊन विचारणा आली. घर वकिलाचं, मुलगा शिकलेला, नदीजवळ स्वतःचं घर. मुलाच्या आईनं म्हणे मध्यस्थाला सांगितलं होतं, "रूप नसलं तरी चालेल, वळण हवं. त्या वाईच्या सोवळ्याच्या बाईंची मुलगी आहे ना, तीच आणा." म्हणजे माझ्या मुलीचं लग्न माझ्या मूत्राशयावर ठरत होतं. मुलगी दाखवायला सांगलीला घेऊन या असा निरोप आला. सगळा दिवस मोटारीत काढायचा, आणि तिथं पोचल्यावर चार परक्या माणसांसमोर कोरडं बसायचं.

आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याला शिवले नाही. पहाटे तिहेरी घडी बांधली, जादा घड्या पिशवीत घातल्या, काखेत आसन घेतलं आणि वाईच्या स्टँडवर मोटारीत चढले. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं. मोटारीच्या पाठीला कोळशाची शेगडी जोडलेली होती आणि तिच्या धुरावर ती चाले. चढ लागला की धापा टाके. मग ड्रायव्हर खाली उतरून शेगडीत सळई घाली. प्रत्येक खड्ड्याला मी श्वास रोखून धरत होते. साताऱ्यापर्यंत कशीबशी निभावली. उंब्रजला मात्र मोटार थांबली ती थांबलीच. सगळे पुरुष खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं पाठमोरे उभे राहिले. आमचे हेही त्या ओळीत होते. क्लीनर बायकांना म्हणाला, "बायामान्सांनी बसून ऱ्हावा, आत्ता निगतो." हे त्यानं अर्ध्या तासात चार वेळा सांगितलं.

माझ्या शेजारी कराडला निघालेली एक शेतकरी बाई होती, मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन. तिनं माझ्याकडं दोन वेळा पाहिलं आणि टोपली माझ्या मुलीच्या हातात दिली. "आवं बाई, चला खाली," ती माझ्या कानाशी लागून म्हणाली. मी म्हटलं, मला काही नको. "कसं नको? मगाधरनं बघतीया, गुडघं आवळून बसलाईसा. मला कळत न्हाई व्हय? चार लेकरं झाली, तवापास्नं खोकलं तरी माजं लुगडं भिजतंय. मोटार कुटं पळून जात न्हाई." तिनं माझा दंड धरला आणि मला उसाच्या फडाआड नेलं. स्वतः रस्त्याकडं तोंड करून पदर पसरून उभी राहिली. मी घडी बदलली. भिजलेली कुठं ठेवावी म्हणून हातात धरून उभी राहिले, तर ती म्हणाली, "पाटाच्या पान्यात खळबळा आन् पिळून घ्या. लाजायचं काय त्येला? लय जणींचं आसंच आस्तंय." ज्या गोष्टीभोवती मी सहा वर्षं देव, नदी आणि धाबळी उभी केली होती, ती या बाईनं अंड्यांची टोपली घेऊन जाता जाता सांगून टाकली. मला तिचा हेवा वाटला आणि रागही आला.

सांगलीला पोचलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. विहीणबाई भारदस्त होत्या, नाकात मोठी नथ, बोलणं तुटक. दिवाणखान्यात लाल गालिचा होता. मी त्यावर माझं आसन टाकलं आणि त्यावर बसले. त्यांनी ते पाहिलं. चहा आला; मी हात जोडून नको म्हटलं. त्यांनी तेही पाहिलं. प्रश्न मुलीला विचारत होत्या, पण नजर माझ्यावर होती. तासाभरानं माझी तिहेरी घडी हरली. मी उठले आणि म्हणाले, "नदी कुठल्या बाजूला आहे? संध्याकाळची आंघोळ व्हायची आहे." विहीणबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी विसरणार नाही. मी ओलेत्यानं परत येईपर्यंत त्यांनी आमच्या ह्यांना होकार देऊन टाकला होता.

वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मी मुलीला पोटाशी धरलं, तेवढं मात्र धरलं. पुढं तिची पत्रं येऊ लागली. सासूबाईंनी सोवळ्याचा स्वयंपाक तिच्याकडं सोपवला होता. पहाटे नदीवर आंघोळ, ओल्या लुगड्यानंच पाणी भरायचं, त्याच लुगड्यात नैवेद्य रांधायचा, आणि बारा वाजता पानं उठली की मग कोरडं नेसायचं. त्या घरात पूर्वी हे काम विहीणबाई वाळलेलं सोवळं नेसून करत. सून आल्यावर त्या म्हणाल्या, "आईच्या वळणावर जाऊ दे." मुलीनं लिहिलं होतं, "तू काळजी करू नकोस. तुझं नाव राखीन." ते पत्र मी दोरीवरच्या घड्यांखाली बसून वाचलं.

वर्षभरानं तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात मार्गशीर्षात डोहाळजेवण ठरलं आणि मी एकटीच सांगलीला गेले. पहाटे जाग आली ती खोकल्यानं. बाहेर येऊन पाहते तो मुलगी नदीवरून घागर घेऊन येत होती. पोट पुढं आलेलं, लुगडं अंगाला चिकटलेलं, ओठ निळे. चालता चालता थांबून खोकत होती आणि घागर सांडू नये म्हणून ती छातीशी धरत होती. स्वयंपाकघरात ती चुलीपुढं बसली तेव्हा तिच्या अंगातून वाफा निघत होत्या. वैद्यांनी दोनदा सांगितलं होतं, की कफ छातीत धरला आहे, ओलं अंगावर ठेवाल तर पोटातल्या जिवाला धोका आहे. हे मला शेजारणीनं सांगितलं. मुलीनं सांगितलं नव्हतं.

"अगं, कोरडं नेस," मी तिला म्हटलं.

"बारा वाजता," ती म्हणाली.

"तुला बरं नाही."

"तू इतकी वर्षं करतेसच ना? तुला कधी काही झालं? मग मलाच का होईल?"

तेव्हा मला तिला सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो, चूल पेटलेली होती, ऐकायला भांड्यांशिवाय कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "माझी गोष्ट वेगळी, मला सवय आहे." इतकी भेकड मी होते.

तिच्याऐवजी मी विहीणबाईंकडं गेले. परक्या माणसापुढं लाज टाकणं मला सोपं वाटलं. त्यांच्या खोलीचं दार लोटलं आणि सगळं सांगितलं: बाळंतपण, घड्या, मेणकापड, कापूर. माझं सोवळं हे सोवळं नाही, मला लघवी राहत नाही, म्हणून मी ओली असते. तेव्हा मुलीला माझ्या वळणावर घालू नका. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांचे डोळे भरून आले. "लेकीची सुटका व्हावी म्हणून स्वतःवर असलं काहीबाही ओढून घेता?" त्या म्हणाल्या. "आईचं काळीज आहे, मी समजू शकते. पण विहीणबाई, व्रत मोडायला शिकवू नका." आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मला त्यांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

डोहाळजेवण त्याच दिवशी दुपारी होतं. मुलीला हिरवं लुगडं नेसवून, फुलांचे दागिने घालून बसवलं होतं. शेवंतीच्या बाजूबंदाखाली तिचे हात अजून गार होते. दिवाणखान्यात तोच लाल गालिचा, आणि त्यावर सांगलीतल्या मानाच्या बायका. माझं आसन मी खोलीतच ठेवून आले आणि गालिच्याच्या मधोमध बसले. विहीणबाई चमकल्या. चहा आला, मी घेतला. दुसरा मागून घेतला. मग मसाल्याचं दूध आलं, तेही घेतलं. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. "आज कसं काय?" विहीणबाईंनी विचारलं. "आज सोडलं," मी म्हटलं.

मग नाव घ्यायचा कार्यक्रम सुरू झाला. एका ठेंगण्या बाईंनी नवऱ्याचं नाव घेताना त्याच्या घोरण्याला अशी काही जोड दिली, की सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या. मीही हसले. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून, पोट धरून. इतक्या वर्षांत चारचौघींत मी हसले नव्हते. हसू थांबवावं असं मला वाटलंच नाही, आणि बाकीचंही काही मी थांबवलं नाही. घडी बांधलीच नव्हती. गालिच्यावर माझ्याभोवती काळपट डाग पसरत गेला आणि शेजारच्या बाईंनी आपलं जरीचं लुगडं ओढून घेतलं. हसणं एकदम बंद पडलं.

"हे माझं सोवळं," मी म्हटलं. "सात वर्षं हेच आहे. धर्म नाही, आजार आहे. याच्यापायी माझी मुलगी सातव्या महिन्यात ओल्या लुगड्यात खोकते आहे, आणि वैद्यांनी सांगितलं तरी तुम्ही ऐकत नाही. आता डोळ्यांनी पाहिलंत, आता तरी विश्वास ठेवा."

मी मुलीकडं बघितलं नाही. बघायची छाती नव्हती.

विहीणबाईंनी आधी गालिचा उचलायला सांगितला. तो नदीवर गेला. दिवाणखाना शेणानं सारवला आणि वर गोमूत्र शिंपडलं. बाईच्या मुतावर उतारा म्हणून गाईचं मूत आलं, आणि कुणालाही त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मला वाटलं होतं, त्या ओरडतील, मुलीला माझ्याबरोबर परत पाठवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. सगळ्या बायका गेल्यावर त्या दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून सूनबाईनं देवाच्या स्वयंपाकाला हात लावायचा नाही. असल्या आईच्या मुलीच्या हातचं देवाला चालायचं नाही." म्हणजे सोवळ्यासाठी आणलेली माझी मुलगी माझ्यामुळंच सोवळ्यातून बाद झाली. पहाटेची नदी सुटली, ओलेतं सुटलं. तिच्यावर उपकार झाला तो शिक्षा म्हणून झाला. मला तो कसाही चालणार होता.

संध्याकाळी उन्हं असतानाच मी मागच्या अंगणात दगडावर घड्या धुवायला बसले. लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा उघड्यावरच आपटत होते. मुलगी मागच्या दारातून आली. कोरडं सुती लुगडं, खांद्यावरून शाल, फुलं काढून टाकलेली. ती आता माझ्याशी कधी बोलणार नाही, अशी माझी खात्री झाली होती.

"अंगावर कोरडं आलं ना तुझ्या," मी खाली बघतच म्हटलं. "माझी लाज गेली तर गेली. तुझीही गेली, त्याला माझा इलाज नव्हता."

"लाजेचं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "आपण दोघी एका घरात होतो आई. तू हे एकटीनं धूत होतीस. मला सांगितलं असतंस, तर मी धुतलं नसतं का?"

तिनं दगडाला हात टेकला, जड पोट सांभाळत हळूहळू खाली बसली आणि माझ्या हातातली घडी घेऊन पिळायला लागली. मी ती तिच्या हातून काढून घेतली नाही.